सव्वादोनची टिंग

बसा की साहेब, उभं का राहिलाय. ती खुर्ची नका घेऊ — न्हाई, मोडकी न्हाई, चांगली हाय, पण ती नको. ती जोतीरामची. ही घ्या. आज कारखान्याला सुट्टी, माग बंद हायती, म्हणून एवढं शांत वाटतंय. एरवी हितं बोलायचं म्हणजे एकमेकांच्या कानात तोंड घालावं लागतं. राजेश्वरी येईल आता. माझी सून — तुमचं बोलणं तिच्याशीच झालंय न्हवं फोनवर? नातीला क्लासला सोडून येते म्हणली. जाताना मला बजावून गेली — मामा, ऋतुराज म्हणून येतील, ते मेलचं ज्यांनी बसवून दिलं त्या कंपनीचे, त्यांना चहा द्या, पण मी येईस्तोवर कंप्युटरला कुणाला हात लावू देऊ नका. कुणाला म्हणजे तुमाला बी. वाईट वाटून घेऊ नका. आमच्यात असं नव्हतं आधी. चाळीस वर्षं टॉवेल विणतोय आमी या अक्कलकोट रोडला, या हापिसाच्या कपाटाला कधी कुलूप नव्हतं. अन् आता पंधरा दिवस झाले, जो तो आपापला फोन टेबलावर उलटा ठेवतोय.

चहा घ्या, गार होतोय. तर तुमचं ते यंत्र — यंत्र न्हाई म्हणता? बरं, जे काय असेल ते — मला राजेश्वरीनं सांगितलंय ते असं, की आपण मेल पाठवला की त्यात एक चित्र जातं, मोहरीहून बारीक, डोळ्याला दिसतच न्हाई. समोरच्यानं मेल उघडला की ते चित्र हिकडं सांगावा धाडतं. उघडला म्हणून. किती वाजता, कुठल्या गावात, फोनवर का कंप्युटरवर, कितीदा. बरोबर हाय का? मान हलवताय म्हणजे बरोबर. अन् समोरच्याला त्याचा पत्ता न्हाई. मी तेव्हाच म्हणलं, पोरी, हे दुसऱ्याच्या खिडकीतनं डोकावल्यागत झालं. ती म्हणली, मामा, धंद्यात सगळेच करतात. अन् फायदा झाला, न्हाई कशाला म्हणू. आधी दर लिहून पाठवायचा अन् बसायचं वाट बघत — मिळाला का न्हाई, बघितला का न्हाई, का तसाच पडलाय, काय कळायचं न्हाई. आता हितं कंप्युटरवर टिंग वाजली की दहा मिनिटांत हिचा फोन. त्या माणसाच्या डोळ्यापुढं आपला टॉवेल असतानाच आपला आवाज त्याच्या कानात. नागपूरचं एक हॉटेल असंच लागलं. ज्यानं चार दिवसांत उघडलाच न्हाई, त्याला ती दुसरा मेल लिहायची, वरची ओळ बदलून, सकाळी दहाच्या आत. डोकं हाय तिला. आवाज मोठा तिनंच करून ठेवलाय. टिंग झाली की हापिसातल्या सगळ्यांच्या माना वर. पोरं तर चेष्टा करायची — टिंग झाली, आता वहिनी चहा पाजणार.

मला नवल न्हाई वाटलं त्याचं. तुमाला वाटत असेल, म्हातारा चौथी शिकलेला, ह्याला काय कळतंय. पण हे मी केलंय साहेब. तुमच्या कंपनीच्या कितीतरी आधी. लाल दोऱ्यावर. हसू नका, ऐका. तेव्हा नमुने पाठवायचो एजंटाकडं, बारा टॉवेलांची एक गाठ, एसटीनं. टॉवेलाची घडी माझ्या हातची — मी गिरणीत घडी घालणाराच होतो, तितनं वर आलो — तर प्रत्येकाच्या तिसऱ्या घडीत एक वितभर लाल दोरा आडवा ठेवायचो. गाठ न्हाई, काय न्हाई, नुसता ठेवायचा. नमुने परत आले की एकटा बसून घड्या उलगडायच्या. दोरा हललेला असला की समजायचं, कुणीतरी टॉवेल पसरून बघितलाय. हाय तितंच असला तर घडी कुणी मोडलीच न्हाई. विजापूरकडं एक एजंट होता आमचा, दोन वर्षं सांगत होता — अप्पा, आठ दुकानं फिरलो, तुमचा माल कुणाला पसंत पडत न्हाई. बाराच्या बारा दोरे जागच्या जागी. भांडलो न्हाई मी. एक शब्द बोललो न्हाई. पुढच्या खेपेला माल दुसऱ्याकडं दिला, बस. आमची सुंदरम्मा — आता न्हाई ती, सहा वर्षं झाली — ती मात्र हसायची मला. गाठ बांधायच्या आधी मीच चारदा घडी उलगडून बघायचो, दोरा सरळ हाय का म्हणून. ती म्हणायची, एजंटाचं राहू द्या, तुमच्याच हातानं पडायचा एखाद्या दिवशी, साकु बिड्री. म्हणजे पुरे करा आता. कानडीच बोलायची ती माझ्याशी.

पण दोरा खोटं बोलत न्हाई, एवढं मी शिकलो. म्हणून तर हे कोचीचं लागलं मनाला.

कोचीचं सांगितलं न्हाई का तुमाला राजेश्वरीनं? अर्धंच सांगितलं असेल. तिकडं हॉटेलांना टॉवेल पुरवणारी एक मोठी पेढी हाय. त्यांच्यासाठी नवी किनार काढली आमी — जोंधळ्याच्या कणसाची. दाणा न् दाणा उठून दिसतो. दोन वर्षं माग हलले नसते दुसरीकडं, एवढं काम होतं ते. राजेश्वरीनं मेल धाडला, फोटो घालून. दुसऱ्या दिवशी दुपारी टिंग. अन् मग रोज. सहा दिवसांत चौदा वेळा. हिला आनंद मावेना — मामा, चौदा वेळा उघडून बघतायत, मन बसलंय त्यांचं. प्रत्येक वेळी हिचा फोन तिकडं. साहेब, आमचे टॉवेल कसे वाटले. साहेब, काही विचारायचंय का. सहाव्या दिवशी तो माणूस भडकला. म्हणला, बाई, मी गावाकडं आलोय लग्नाला, तुमचा मेल मी उघडलेलासुद्धा न्हाई, अन् तुमी रोज मी बघितला म्हणून कसं सांगताय? माझ्यावर पाळत ठेवलीय का? फोन ठेवला. काम गेलं. मग हिनं बसून नीट बघितलं — तोवर नुसतं उघडला एवढंच बघत होती, गाव बघितलं नव्हतं. चौदाच्या चौदा वेळा एकच गाव. सोलापूर. फोनवरनं. रोज सव्वादोन ते अडीचच्या मधी.

आता सांगा. कोचीला धाडलेला मेल सोलापुरात कोण उघडतंय?

अन् आठच दिवसांनी दुसऱ्या एकाच्या दुकानात कणसाची किनार दिसली मला. नाव घेत न्हाई मी. आपल्याइतकी सुबक नव्हती, दाणे चिकटले होते, पण कणीसच. राजेश्वरी म्हणते, मामा, आपण ती प्रदर्शनात टांगली होती तीन दिवस, कुणी बी उचलली असेल. असेल बाई. पण सव्वादोनला कोण?

जोतीरामचं सांगतो. माझ्याकडं सव्वीस वर्षं. होटगीचा. आला तेव्हा मिशी फुटत होती. पत्रं तोच लिहायचा, पार्सल तोच काढायचा, मग कंप्युटर आला तर तोही आधी तोच शिकला. मेलची किल्ली — तुमी काय म्हणता त्याला, पासवर्ड — राजेश्वरीला, माझ्या पोराला, शिवकुमारला, अन् जोतीरामला, तिघांनाच ठाऊक. एक वाजता आमी दोघं जेवायला बसायचो, हितंच, या टेबलावर. त्याच्या घरची कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही माझ्याकडचं. दोनला जेवण उरकलं की तो गेटाबाहेर जायचा, लिंबाखाली, एकटा, फोन घेऊन. अर्ध्या तासानं यायचा. अन् मी तिकडं मागं, गोदामात, गाठींवर जरा आडवा व्हायचो. म्हणून तर मला दिसलं न्हाई. हितं बसलो असतो तर सापडलाच असता.

राजेश्वरी म्हणत होती, मामा, पुरावा न्हाई, थांबा, त्या कंपनीच्या माणसाला बोलावते. मी थांबलो न्हाई. सगळ्यांसमोर विचारलं. आवाज चढवला न्हाई हां, मला चढवता येत न्हाई. म्हणलं, जोतीराम, आपल्या घरची घडी बाहेर कोण उलगडतंय? तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग हितं बघितलं — या माझ्या खिशाकडं, छातीवरच्या. बराच वेळ. मला वाटलं, बघा, या घटकेला सुद्धा ह्याला पगाराची आठवण होतीय, त्या दिवशी पगार होता. मग म्हणला, अप्पा, एकदा नीट आठवून बघा. मी म्हणलं, मी काय आठवायचं, तू सांग. पोरं बघत होती, राजेश्वरी दारात उभी. त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं अन् मान खाली घातली. डबा पिशवीत घातला, गोदामाच्या किल्ल्या हितं ठेवल्या, या कोपऱ्यावर, आवाज न करता. गेला. आता तुमीच सांगा, खरा असता तर बोलला नसता का? चार शब्द? माणूस ओरडतो, शपथा घेतो, भांडतो. हा गप्प. गप्प बसतो त्याच्या पोटात काहीतरी असतंच.

दुपारी जेवण जात न्हाई मला. ते जाऊ द्या. वयानं असेल.

अन् काल सिद्धलिंगचा फोन. पलीकडच्या गल्लीत त्याचा कारखाना, भला माणूस. म्हणला, अप्पा, तुमचा जोतीराम आलाय माझ्याकडं, का सोडला म्हणून विचारलं तर सांगत न्हाई, तुमच्याबद्दल एक शब्द वाईट बोलत न्हाई, घेऊ का त्याला? मी काय सांगणार. घे म्हणावं तर उद्या त्याच्या घड्या बाहेर जातील, नको म्हणावं तर... मी गप्प राहिलो. तो म्हणला, अप्पा, तुमच्या गप्प बसण्यातनंच कळलं मला. मी म्हणलं, थांब, उद्या पाचपर्यंत सांगतो, कंपनीचा माणूस येणार हाय, तो फोन कुणाचा ते शोधून देणार हाय. तो उद्या म्हणजे आज. म्हणून तुमाला बोलावलंय. सिद्धलिंगनं न्हाई म्हणलं की या एमआयडीसीत त्याला दुसरं कुणी दारात उभं करणार न्हाई, सगळे एकमेकांना विचारतात हितं. पंचेचाळिशीला टेकलाय तो. शोधून द्याल न्हवं? जोतीरामचा निघाला तर निघाला. पण निघावा एकदा.

काय? अजून कुणाच्या फोनवर मेल हाय का? न्हाई. सांगितलं की. राजेश्वरीचा, शिवकुमारचा, जोतीरामचा, हा कंप्युटर. बस. माझा? माझ्यात कसला मेल साहेब. मी चौथी. मला इंग्रजीतलं एकच नाव ओळखू येतं, सोलापूर, ते सुद्धा खोक्यावर छापतो आपण रोज म्हणून. फोन मोठा हाय, व्हय, शिवकुमारनं घेतला, पण मी नावंसुद्धा वाचत न्हाई त्यावरची, चित्रं लावून ठेवलीत — राजेश्वरीला तुळस, शिवकुमारला त्याची गाडी, डॉक्टरला औषधाची बाटली. बघून दाबायचं. तसली माझी तऱ्हा.

तुमी ती किनार बघितलीय का पण, कणसाची? न्हाई? बघायला पायजे. त्या मेलातला तिसरा फोटो तेवढा चुकलाय. उजेड समोरनं पडलाय, दाणे चपटे दिसतात. चौथा बरोबर, खिडकीजवळचा. बोटानं मोठा करून बघितला तर एकेक दाणा मोजता येतो. मी सांगणार होतो राजेश्वरीला, तिसरा काढून टाक म्हणून. पण सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, मामा, तुमी कुठं —

हां. मेलातच बघितला. मेलात म्हणजे... असं बघू नका माझ्याकडं. सांगतो. तिला सांगू नका तेवढं. दोन वर्षं झाली, डॉक्टरनं मला मागाजवळ जायला बंदी केली, कापसाची धूळ छातीत जाते म्हणून. तेव्हापासून माल कुठला निघाला, कुणाला गेला, मला कोण सांगतंय? विचारलं की म्हणतात, मामा, तुमी आराम करा. कारखाना माझा, अन् मी बसतो पाहुण्यागत. अन् राजेश्वरी प्रत्येक मेलाच्या तळाला एक फोटो घालते — माझे हात. नुसते हात, टॉवेलाची घडी घालताना. खाली इंग्रजीत लिहिलंय, प्रत्येक टॉवेल आमच्या अप्पांच्या हाताखालनं जातो. आता जात न्हाई, खोटं हाय ते, पण लिहिलंय. मला जोतीरामनं वाचून दाखवलं होतं. मी म्हणलं, जोतीराम, हे मला रोज बघता येईल का रे? तो म्हणला, का न्हाई अप्पा. गेल्या दिवाळीत त्यानंच बसवून दिलं माझ्या फोनवर, पाठवलेले सगळे मेल दिसतात. मी म्हणलं, राजेश्वरीला कळू देऊ नको, तिला वाटेल म्हातारा पाळत ठेवतोय सुनेवर, घरात उगाच वाकडं येईल. तो म्हणला, मेलो तरी सांगणार न्हाई.

मग दुपारी जेवण झालं की तिकडं गाठींवर पडून बघायचो जरा; जोतीराम गेल्यापासनं मन लागत न्हाई, उघडलं न्हाई. कधी दोन मेल, कधी एकच. कणसाचा तर... लई चांगलं निघालंय हो ते कणीस. सुंदरम्मा असती तर तिला दाखवलं असतं. त्यात काय वाईट हाय? मी कुणाला काय धाडत न्हाई, काय पुसत न्हाई. नुसतं बघतो. पाठवलेलाच मेल बघतो, आपल्याच घरचा. थांबा, दाखवतोच तुमाला, चौथा फोटो बघा अन् मग बोला. हा इथं दाबायचं. मग हा. हा कोचीचा. आता उघडतोय बघा —

...

ही टिंग कुठली?

न्हाई, बसा तुमी, उठू नका. दुसऱ्या कुणीतरी उघडला असेल, नागपूरवाल्यानं. आज सुट्टी कुणाची, आपली, त्यांची थोडीच हाय. थांबा. मी हे बंद करतो. बंद केलं. आता परत —

...

गोदामात ऐकू येत न्हाई हे. तिकडं मागांचा आवाज असतो.

कंप्युटरला हात लावू नका म्हणली होती ती. पण बघा तुमी. बघा की. काय लिहिलंय? न्हाई, वाचू नका. सरका जरा. ते एवढं मला वाचता येतं. खोक्यावर असतं ते.

किती वाजले साहेब? सव्वाचार. म्हणजे वेळेचं काय न्हाई. वेळ माझी होती, तेवढंच.

तो खिशाकडं बघत होता. फोन असतो हितं, या खिशात, तो फोनकडं बघत होता साहेब, अन् मी म्हणलं पगाराकडं. नीट आठवून बघा म्हणला. सगळ्यांसमोर यापेक्षा जास्त काय म्हणणार तो. राजेश्वरी दारात उभी होती. तिच्याकडं बघितलं अन् मान खाली घातली. मीच त्याला सांगून ठेवलं होतं, कळू देऊ नको म्हणून.

चहा राहिला तुमचा. राहू द्या. न्हाई, तुमी काय करायचं न्हाई आता, शोधायचं काय राहिलंय. राजेश्वरी भेटली गेटावर तर सांगा, मामांनी बोलावलंय. बाकी मी सांगतो तिला, माझ्या तोंडानं. पोरांना पण सांगतो, उद्या, माग लावायच्या आधी. सिद्धलिंगला पाचच्या आत... न्हाई, सिद्धलिंगला नंतर. आधी ह्याला. हे बघा, डब्याचं चित्र हाय न्हवं, तोच. स्वतःला डबा लावला त्यानं, म्हणला, अप्पा, एक वाजला की आठवण येईल.

हे दाबलं. आता जावा तुमी. जाताना दार तेवढं ओढून घ्या.

रिंग जातीय.